उणे तेहेतीस

मे महिन्यातला मंगळवार, बाहेर शेहेचाळीस.
अमरावती रोडचं डांबर चपला धरून ठेवतं.
बुटीबोरीहून आलेला कोरडा बर्फ
गोणपाटात गुंडाळून हेडाऊ जिना चढतात,
पायरी-पायरीवर पांढरी वाफ सांडते मागे,
पाणी न होता.

रॉकेलमधून मी सोडियम काढते.
सुरी फिरली की आत क्षणभर आरसा,
माझी भुवई दिसते न दिसते तोच राखाडी.
हवासुद्धा सोसत नाही याला.

तीन मानांच्या चंबूत अमोनिया उतरतो, थेंब थेंब,
दिसायला पाणीच,
पण उणे तेहेतीसला उकळणारं.
फ्यूमहूडचा पंखा खोकतो, डोळे चुरचुरतात.
पहिला तुकडा टाकते,

आणि निळं.

असं निळं की मी दर वेळी वहीत नुसतं 'निळा' लिहिते
आणि खोटं लिहिल्यासारखं वाटतं.
हा रंग सोडियमचा नव्हे, अमोनियाचा नव्हे.
एकाने सोडलेला, दुसऱ्याने अजून न घेतलेला
जो इलेक्ट्रॉन आहे ना, त्याचा.
कुणाच्याच नावावर नसण्याचा रंग.

हेडाऊ चष्मा वर करून बघतात.
तांडापेठेत त्यांचे वडील सूत रंगवायचे.
"मधात नोका पाहू मॅडम, काठाकडे पाहा.
रंग काठावर समजते."

मग मी कोळसा टाकते.
सिल्लेवाड्याचा, वाटलेला, चाळलेला,
तीन दिवस निर्वातात वाळवलेला
(मागच्या खेपेला ओल राहिली होती,
निळं पाच मिनिटांत गेलं, सर काही बोलले नाहीत,
तेच जास्त लागलं).
बाटलीवर चिठ्ठी: नमुना क्रमांक सात.
हा बाबांच्या खाणीतला, हे चिठ्ठीवर मावत नाही.

आत कड्याच कड्या, सहा-सहा कार्बनच्या,
एकमेकींत हात गुंतवून बसलेल्या,
कोट्यवधी वर्षं कुणाचं काही न घेता.
त्यांच्या दारात आता हे निळं उभं.
कुणी दार किलकिलं करते, एक इलेक्ट्रॉन आत,
कडीचा तोल जातो,
दोन बंध समोरासमोर राहतात, तिसरा सुटतो.

पुस्तकात याला क्षपण म्हणतात.
क्षपण म्हणजे झीज, घट.
घेणाऱ्यालाच घटला म्हणायचं, ही कुठली रीत?
की घेताना काहीतरी जातंच,
ताठपणा म्हणा, अंगचा काळेपणा म्हणा?
हे सरांना विचारायचं नसतं.

चार वाजता वीज गेली. चुंबक फिरायचा थांबला.
हेडाऊंनी चंबू हातात धरून हलकेच घोळवला,
झोळीतलं पोर झोपवावं तसा, पाऊण तास.
काठ निळा होता. काठ निळा राहिला.

शेवटी नवसागर.
कल्हईवाला तापल्या परातीत टाकायचा तोच.
चिमूटभर पडला, आत खदखदलं,
आणि निळं गेलं.
विझलं नाही, उडालं नाही,
नुसतं नव्हतं.

रविवारी घरी बाटली नेली.
पिरिडिनच्या वासानं आई ताट घेऊन अंगणात गेली.
"काय करून राहिली तू कोयस्याचं?"
"त्याले इलेक्ट्रॉन देऊन राहिली, बाबा."
"फुकट?"
"फुकट."
"मंग घेते का तो?"
"थोडासाच घेते. बाकीचा खाली बसते."

ट्यूबलाइटकडे बाटली धरून
बाबांनी कितीतरी वेळ पाहिलं,
वरचा द्राव, बिनदुधाच्या चहासारखा.
एकतीस वर्षं त्यांनी तो फोडला, भरला, वर पाठवला,
गिळलाही, डॉक्टरच्या फोटोत दिसतो तेवढा.
"हा इरघळते," ते म्हणाले,
"हे आपल्याले कोनी सांगतलंच नाही."

मग उबळ आली.
उबळ जाईस्तोवर बाटली त्यांनी दोन्ही हातांत धरली,
परत देताना
झाकण एकदा पिळून पाहिलं.